सतराचा बोल्ट

शिवाजी उद्यमनगर ज्या गावात आहे, त्या कोल्हापुरात राहून ‘एक बोल्ट सुटेना’ असं म्हणायची सोय नसते. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं फौंड्रीत नाहीतर लेथवर; उरलेल्यांचे मेहुणे तिथं. मी पडलो शाळामास्तर. नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. लोखंडाशी माझा संबंध गंजाचं समीकरण फळ्यावर लिहिण्यापुरता.

तरी त्या रविवारी गाडीचं ऑइल घरीच बदलायचं मी ठरवलं. गाडी म्हणजे २००६ सालची स्प्लेंडर. मोबाइलवर एका पोरानं हेच काम चार मिनिटांत करून दाखवलं होतं. खालचा बोल्ट काढायचा, काळं ऑइल सोडायचं, बोल्ट लावायचा, वरून नवं ओतायचं. पोराचे हात शेवटपर्यंत स्वच्छ होते. संशय खरा तिथंच यायला हवा होता.

घरात पाना एकच, वडिलांच्या वेळचा स्क्रू पाना. जबडा ढिला, त्यामुळे कुठल्याही बोल्टाला बसतो आणि कुठल्याही बोल्टावरून सटकतो. तीनदा सटकला. पहिल्यांदा बोल्टाचा एक कोपरा गेला, दुसऱ्यांदा माझ्या बोटाचं साल, तिसऱ्यांदा दोन्ही. शिवाय पहिली दहा मिनिटं मी बोल्ट सोडत नव्हतो, आवळत होतो, हेही सांगून टाकतो. बोल्टाचं तोंड जमिनीकडं, आणि मी वरून वाकून बघतोय. सोडायची बाजू उलटी होते. वर्गात एखाद्या पोरानं ही चूक केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

शेजारून सतराचा, म्हणजे सतरा मिलिमीटरचा, रिंग पाना आणला. रिंग बोल्टाला सगळीकडून धरते, म्हणून उरलेले कोपरे वाचले. पण बोल्ट ढिम्म. मागच्या सर्व्हिसिंगला ज्या कुणी तो आवळला होता, त्याच्या सात पिढ्यांची मी पार्किंगमध्ये बसून आठवण काढली.

मग घर धुंडाळलं. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता हातोडी म्हणून आला. आईनं खोबरेल तेलाची बाटली दिली. तिच्या मते जगातली कुठलीही अडकलेली गोष्ट खोबरेलानं सुटते, आणि अंगठीच्या बाबतीत तिचा अनुभव दांडगा आहे. पान्याला लांबी हवी म्हणून हॉलमधली पडद्याची दांडी काढली. दिसायला चकचकीत स्टील, आतून पोकळ, पत्रा कागदासारखा. एका जोरात तिचं धनुष्य झालं. ती आजही हॉलमध्ये आहे. पडदा मधोमध गोळा होतो.

शेवटी गच्चीवरच्या जुन्या नळाचा दोन फुटी जीआय पाइप सापडला. आता गणित माझ्या बाजूनं होतं. या मापाचा बोल्ट साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. पाइप ६० सेंटीमीटर, पायाचा जोर ४० किलो धरला तरी २३५ न्यूटन-मीटर. जवळजवळ आठपट! भिंतीला पाठ लावली, फरशीवर बसलो, टाच पाइपाला लावली आणि रेटलं.

फिरलं. बोल्ट नव्हे, गाडी. मेन स्टँडवरच्या मेन स्टँडवर तिनं माझ्याकडं तोंड केलं.

‘‘अहो, नाश्ता गार होतोय,’’ म्हणत सौ. खाली आली, तिला म्हटलं, ‘‘जरा गाडीवर बस.’’

‘‘कुठं जायचंय?’’

‘‘कुठं नाही. वजन पाहिजे.’’

पंधरा वर्षांच्या संसारात या वाक्याचा इतका थंड परिणाम मी पाहिला नव्हता. तरी ती बसली. मुलानं हँडल धरलं. तेवढ्यात तळमजल्याचे अण्णा आले. अण्णांनी चाळीस वर्षं फिटर म्हणून काढली आहेत. त्यांनी आधी बत्ता बघितला, मग खोबरेल, मग सौ.ला.

‘‘मास्तर, इंजिन गार हाय न्हवं?’’

‘‘हो.’’

‘‘गार इंजिनाचा बोल्ट कवा सुटतोय व्हय? चालू करा गाडी. धा मिंटं तापू दे.’’

मला लगेच कळलं आणि कळल्याचाच राग आला. इंजिनाचं खालचं घर अॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणजे भोक थोडं मोकळं होतं, बोल्ट मागं राहतो. हा धडा मी चौदा वर्षं शिकवतोय. अण्णा सातवी पास आहेत.

किक मारली. सौ. उतरली नाही, कदाचित मोबाइलमध्ये रमली होती, कदाचित मला बघून घेत होती. स्टँडवरची गाडी फुटफुटत राहिली, ती वर बसलेली, मुलगा हँडल धरून आणि मी समोर फरशीवर पाय पसरून. वरच्या मजल्यावरच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन निघाल्या होत्या. थांबल्या, सौ.ला म्हणाल्या,

‘‘काय वहिनी, कुठं निघालाय?’’

‘‘कुठं नाही,’’ सौ. मान वर न करता म्हणाली, ‘‘वजन म्हणून बसलेय.’’

वहिनी बाजाराला गेल्या. तासाभरात गल्लीभर बातमी गेली असणार, पण कुठली, ते मी विचारलेलं नाही.

इंजिन बंद केलं. अण्णांनी बत्त्यानं बोल्टाच्या तोंडावर चार ठोके दिले, बेतानंच, दार वाजवावं तसे. मग मला म्हणाले, ‘‘आता दाबा. धक्का न्हाई, दाब.’’ टाच लावली. आधी काहीच नाही. मग ‘टक्’ असा कोरडा, छोटा आवाज आला, बोट मोडावं तसा, आणि पाना मोकळा फिरला. मी इतका खूश झालो की उरलेले आटे भराभर हातानं सोडत सुटलो. बोल्ट निघाला, गरम ऑइल मनगटावरून ओघळलं, हात झटकला आणि बोल्ट वॉशरसकट डब्यातल्या काळ्या ऑइलमध्ये बुडाला. तो चमच्यानं शोधला. चमचा कुठला होता, हे सौ.ला अजून माहीत नाही.

नवा वॉशर घालून बोल्ट लावताना अण्णा डोक्यावर उभे होते. ‘‘हातानं बसवा. मग पान्यानं जरासं. बास. ते अॅल्युमिनियम हाय, आटे गेले की इंजिन खोलायला लागंल.’’ मी तेवढंच केलं. अण्णा गेले.

रात्री साडेदहाला झोप येईना. जरासं म्हणजे किती? ऑइल ठिबकलं तर? टॉर्च घेऊन खाली गेलो. फरशी कोरडी होती. तरी पाना लावला. पाइप भिंतीला टेकून उभा होताच. इकडंतिकडं बघितलं आणि टाचेनं एकदा दाबलं.

मग आणखी एकदा.