आमचेच पुरणयंत्र, आम्हालाच उसने

होळीच्या दिवशी सकाळी मी लोकमान्य नगरातल्या एका काकूंकडून पितळी पुरणयंत्र उसने आणले. ते यंत्र आमचेच आहे. गेल्या होळीला शेजारच्या वहिनींनी ते नेले, त्यांच्याकडून ते त्यांच्या नणंदेकडे गेले आणि नणंदेने ते काकूंना दिले, एवढा तपास लागायला मला चार फोन करावे लागले.

यंत्राच्या काठावर माझ्या आजीचे नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आहे. मी त्यावर बोट ठेवताच काकूंनी चष्मा लावला, नाव मोठ्याने वाचले आणि म्हणाल्या, "अरे, नावाचं काय घेऊन बसलास? आमच्याकडच्या निम्म्या पातेल्यांवर भलत्याच लोकांची नावं आहेत!" हा वास्तविक कबुलीजबाब होता, पण त्यांनी तो पुराव्यासारखा सादर केला. "ने बापडा, नाही कोण म्हणतंय? पण रंगपंचमीच्या आत परत आण, आणि धुतल्यावर लगेच पूस. लोकांना दुसऱ्याच्या वस्तूची किंमत नसते." मग त्यांनी जाळ्या माझ्यासमोर मोजल्या. दोन भरल्या. बारीक जाळी धरून तीन असायच्या, असे मी म्हणालो. "म्हणजे हरवायची सवय तुमच्याच घरात आहे तर!"

२०१७ साली स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या या इंदुरात ओला कचरा कोणता आणि सुका कोणता हे शेंबडे पोरही सांगते. आपले भांडे कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, हे मात्र थोरामोठ्यांनाही उमगत नाही. माझे मेहुणे वकील आहेत. हातउसन्या पैशांच्या वसुलीचा दावा १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, असे त्यांनी मला उत्साहाने समजावले. पुरणयंत्राचे विचारल्यावर मात्र ते गप्प झाले, कारण आमची शिडी दोन वर्षांपासून त्यांच्याकडे आहे.

आपलीच वस्तू परत कशाला करायची, हा पत्नीचा प्रश्न रास्त होता. परंतु तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला की काकूंनी नणंदेला सुनावले, नणंद वहिनींवर रुसली आणि या सगळ्याला कारण मी. निमूटपणे मी यंत्र घासूनपुसून, रिकामे भांडे परत करू नये म्हणून सोबत चार पुरणपोळ्या बांधून पोहोचते केले. काकूंनी आधी जाळ्या मोजल्या, मग पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"पुरण जाडसर राहिलंय रे," त्या म्हणाल्या. "बारीक जाळी नाही का लावलीत?"