तालीम हवीच, पण राग तिथे आपोआप जिरत नाही

आदरणीय काका,

किशोरवयीन मुलांच्या रागाविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. संतापलेल्या मुलाशी त्याच क्षणी वाद घालू नये, त्याला शांत होण्यास वेळ द्यावा आणि मग घडलेल्या प्रकाराबद्दल बोलावे, असे मी त्या लेखात म्हटले होते. आपल्या मते हे सगळे लाड आहेत. कोल्हापूरच्या पोराला पहाटे तालमीत पाठवावे, अंगातली रग मातीत जिरवावी, आणि तरीही ऐकले नाही तर बापाने एक कानाखाली द्यावी. आपली पिढी अशीच सरळ झाली, असे आपण लिहिले आहे. आपण स्वतः तालमीत वाढलेले आहात, म्हणून आपले म्हणणे मी बाजूला सारू इच्छित नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी पेठापेठांतील तालमींना आश्रय दिला आणि 1912 साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. त्या परंपरेने या शहरातील किती मुलांना वळण लावले, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. माझा मतभेद आहे तो ‘रग जिरवणे’ या समजुतीशी. राग अंगात साठतो आणि घाम गाळला की बाहेर पडतो, ही कल्पना पटण्यासारखी असली तरी तपासणीत टिकलेली नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहाशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम डिवचण्यात आले. त्यानंतर काहींना, ज्याने डिवचले त्याचा चेहरा मनात आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, तर काहींना नुसते स्वस्थ बसवले. ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त राहिला आणि संधी मिळताच तेच अधिक आक्रमकपणे वागले. स्वस्थ बसलेले मात्र निवळले होते. पुढे 2024 साली याच विषयावरील 154 अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. शरीराची खळबळ कमी करणारे उपाय, म्हणजे संथ श्वसन, स्नायू सैल सोडणे, ध्यान, योगासने, यांनी राग कमी होतो, आणि खळबळ वाढवणाऱ्या व्यायामाने एकंदरीत होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

मग तालमीने मुले सुधारतात हा आपला अनुभव खोटा आहे का? मुळीच नाही. माझ्या मते तेथे काम करतो तो वस्ताद, आणि त्याच्या धाकाइतकीच त्याची नजर. कोणता मुलगा आज गप्प आहे, कोणाचा जोर नेहमीसारखा लागत नाही, कोण जोडीदाराला डावाबाहेर दुखापत करू पाहतो आहे, हे चांगल्या वस्तादाला न सांगता कळते. पहाटे उठायचे म्हणून रात्री वेळेवर झोपावे लागते, आणि अपुऱ्या झोपेने या वयातील मुले किती चिडचिडी होतात हे कोणतीही आई सांगेल. ज्याच्याशी लढायचे त्याला आधी सलामी द्यायची, पाठ टेकली की तिथेच थांबायचे, हरल्यावरही हात मिळवायचा, हे वर्षानुवर्षे रोज घडत असते. म्हणजे मुलगा तेथे सगळा जोर लावायला जसा शिकतो, तसाच तो ऐन वेळी आवरायलाही शिकतो. हे आवरणे जेथे शिकवले जात नाही, तेथे केवळ दंड पिळदार करून उपयोग नाही. वस्तादाशिवायच्या एखाद्या जिममध्ये आरशासमोर शरीर कमावणाऱ्या मुलाचा राग तसाच राहतो, हात मात्र जड होतो. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर सामना संपल्यानंतर पेठेच्या नावावरून मोबाइलवर एकमेकांना खिजवणाऱ्या स्टेटसांची जी चढाओढ लागते, त्या मुलांच्या अंगात ताकद कमी नसते.

आता कानाखाली देण्याविषयी. मुलांना मारण्याच्या परिणामांवरील 75 अभ्यासांचा आढावा 2016 साली प्रसिद्ध झाला. मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकता अधिक आढळते, असे त्यात पुन्हा दिसून आले. मारामुळेच ती वाढते की आक्रमक मुलांनाच जास्त मार बसतो, असा प्रश्न आपण विचाराल आणि तो रास्त आहे. परंतु माराने मूल शांत झाल्याचे त्या आढाव्यात दिसत नाही, हे तरी मान्य करावे लागेल. शिवाय आपण ज्या वयाबद्दल बोलतो आहोत, त्या वयात मुलगा बापाच्या खांद्याला लागलेला असतो. दहाव्या वर्षी चपराक बसल्यावर जो रडत कोपऱ्यात गेला, तो सोळाव्या वर्षी हात धरतो, आणि त्यानंतर घरात कोणाचेच चालत नाही. अशा घरांतील आया माझ्याशी बोलतात तेव्हा मुलाच्या रागापेक्षा बापलेकांमधील अबोल्याबद्दलच जास्त बोलतात.

‘मग बापाने करायचे तरी काय?’ असे आपण शेवटी विचारले आहे. त्याने नियम सैल करू नयेत. वस्तू फोडली तर ती मुलाने स्वतःच्या पैशांतून किंवा कष्टांतून भरून द्यावी, आईला अपशब्द वापरला तर त्या विषयावर बोलणे टळू नये. फक्त हे बोलणे भांडणाच्या भरात करू नये, कारण त्या वेळी मुलाच्या कानावर शब्द पडतात पण मनापर्यंत पोहोचत नाहीत. विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. म्हणून या वयात मोठ्या माणसाने आपला आवाज खाली ठेवणे हीच मुलासाठी मोठी मदत ठरते. ‘आता दोघेही तापलो आहोत, जेवणानंतर बोलू’ एवढे सांगून बापाने खरोखर जेवणानंतर बोलावे. पुष्कळ घरांत पहिला भाग होतो, दुसरा राहून जातो, आणि मुलाला वाटते की विषय संपला.

शिकागोत मुलांसाठी चालणाऱ्या एका उपक्रमातील पहिला खेळ मला नेहमी आठवतो. दोन मुलांपैकी एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला तो तीस सेकंदांत मिळवायला सांगतात. जवळजवळ सगळीच मुले झोंबाझोंबी करतात. ‘चेंडू देतोस का?’ असे विचारण्याचे बहुधा कोणालाच सुचत नाही. नंतर समोरच्याला विचारले तर तो म्हणतो, मागितला असता तर दिला असता. या उपक्रमाच्या काळात हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका 45 ते 50 टक्क्यांनी कमी झाल्याचे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदले आहे. त्यात मुलांना मऊ केले नव्हते. हात उचलण्याआधी क्षणभर थांबून, समोरच्याबद्दल आपण जे धरून चाललो ते खरे आहे का, हे पाहायला शिकवले होते. आपल्याकडे हे काम वस्तादाइतके चांगले कोण करू शकेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

एका गोष्टीत मात्र तालीमही पुरी पडत नाही. काही मुलांच्या रागाखाली दुःख असते: घरातील दारू, वडिलांचा मृत्यू, नापास होण्याची लाज, कोणी केलेला छळ. मुलगा स्वतःला इजा करू लागला, जगणे नको असे बोलू लागला, शस्त्र बाळगू लागला किंवा त्याचे वागणे एकाएकी बदलले, तर व्यायाम वाढवून भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडेच जायला हवे. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

काका, आपली आजही तालमीत ये-जा आहे, असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. म्हणून एक विनंती करते. कुस्ती हरल्यावर किंवा भांडण झाल्यावर एखादा मुलगा यायचा थांबला, तर वस्तादांना सांगून कोणाला तरी त्याच्या घरी पाठवा, आणि त्या दिवशी त्याला व्यायामाबद्दल काही न विचारता नुसती चौकशी करायला सांगा.

आपली नम्र.