पातळ शीट, जाड मनस्ताप

अर्धा मिलिमीटर जाडीची पीव्हीसी शीट छापायला आणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटते की, शीट जितकी पातळ तितके काम सोपे आणि म्हणून दरही कमी; प्रत्यक्षात मात्र 8 बाय 4 फुटांचा तो पापड फ्लॅटबेड प्रिंटरच्या (शीट आडवी ठेवून तिच्यावर थेट छापणाऱ्या यंत्राच्या) टेबलावर सपाट निजवण्यातच माझी अर्धी सकाळ जाते. टेबलाच्या भोकांतून हवा ओढून शीट धरून ठेवणारा व्हॅक्यूम पूर्ण जोरात लावावा, उघडी राहिलेली भोके रद्दी तुकड्यांनी झाकावीत, कडा टेपने चिकटवाव्यात, आणि तरीही शाई सुकवणाऱ्या यूव्ही दिव्याच्या उष्णतेने एखादा कोपरा अलगद वर यावा, हे आता नित्याचेच झाले आहे. शाई फवारणारे हेड आणि शीट यांत जेमतेम दीड-दोन मिलिमीटरांचे अंतर असते. तेवढा उचललेला कोपरा हेडला घासला की शीट वाया जातेच, शिवाय हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रे, म्हणजे नोझलही बंद पडतात, आणि नव्या हेडची किंमत (ती इथे न लिहिलेलीच बरी) गिऱ्हाईक भरत नाही. अंतर वाढवावे, तर थेंब भरकटून बारीक अक्षरे धूसर होतात. त्यात कोरड्या हवेत संरक्षक फिल्म सोलताच शीटवर स्थिर विद्युत साचते आणि शाईचे तुषार भलतीकडेच उडतात. काल हे सगळे निस्तरून शीट हातात दिली, तर गिऱ्हाइकाने विचारले, "थोडी वाकडी वाटते का हो?"