उचल घेताय? बिनधास्त अंगठा द्या

दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम दारात आला, एका हातात उचलीच्या, म्हणजे आगाऊ मजुरीच्या नोटा अन् दुसऱ्या हातात स्टॅम्प पेपर, की अजिबात लाजू नका. 1872 चा करार कायदा म्हणतो की दोन्ही बाजूंची संमती मुक्त पाहिजे, अन् तुमची तर एकदमच मुक्त आहे, बोअर आटलाय, सोसायटीचं कर्ज थकलंय, पोरीचं लग्न डोक्यावर आलंय, पण यात मुकादमाने जबरदस्ती केली का? तो बिचारा चहा पिऊन गेला. पेपर कोरा असला तरी घाबरू नका, कोऱ्या कागदात चूक निघत नाही.

मजुरीच्या हिशोबात नवरा-बायकोची जोडी मिळून एकच ‘कोयता’ धरतात, तेही मनाला लावून घेऊ नका, हिशोब सोपा पडतो. ती पहाटे भाकरी थापणार, फडात मोळ्या बांधणार, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार, अन् कागदावर अर्धा कोयता. फक्त आजारी पडायचं नाही. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड तुमच्याच नावावर चढतो. पाळीमुळे खाडे नकोत म्हणून बीडकडच्या कितीतरी बायकांनी गर्भाशयच काढून टाकलं, 2019 ला सरकारने त्यावर समितीपण नेमली, म्हणजे बघा केवढी काळजी आहे.

दर कमी वाटतोय? त्याच करार कायद्याचं कलम 25 बघा. हजाराचा घोडा दहा रुपयाला द्यायला कबूल झालात, अन् संमती मुक्त असेल, तर करार पक्का. हे उदाहरण खुद्द कायद्यात छापलंय, मी नाही रचलं. आता मोबदला इतका कमी का, हे संमती तपासताना कोर्ट बघू शकतं असंही तिथेच लिहिलंय, पण तुम्ही तारखेला जाणार कधी? खाडा पडेल ना.

साखर कारखान्याशी भांडायचा विचार असेल तर सोडा. कारखान्याचा व्यवहार मुकादमाशी, मुकादमाचा तुमच्याशी, तुमचा उसाशी. सगळं कसं कायदेशीर. एप्रिलपर्यंत उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाची नोकरी आत्ताच पक्की, अशी गॅरंटी आयटीवाल्यांना तरी आहे का?

1982 ला आशियाडच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं होतं की भुकेपोटी किमान वेतनापेक्षा कमीवर राबावं लागणं हीपण सक्तीची मजुरीच. पण ते दिल्लीचं झालं. तुम्ही अंगठा नीट उमटवा, पुसट आला तर मुकादम दुसरा मागेल.