मेन पाडला म्हणून छतावरचा सोलर बंद होत नाही

धाकटा भाऊ कारखान्यात मेंटेनन्सला आहे. शेडवर छोटा सोलर प्लांट आहे. काल त्याने एक मेसेज पाठवला : "दादा, शिफ्टच्या ग्रुपवर आलाय, सगळ्यांनी सेव्ह केलाय." वाचून डोकंच फिरलं.

'आग लागली तर मेन पाडा, छतावरचा करंट जातो, मग बिनधास्त पाणी मारा.' मेन पाडल्यावर इन्व्हर्टर (पॅनेलच्या डीसी विजेची एसी करणारं यंत्र) थांबतो, एवढं खरं. पण मरते ती एसी बाजू. पॅनेलकडून येणारी डीसी केबल ऊन आहे तोवर जिवंतच असते. एका पॅनेलचे 40-50 व्होल्ट, अशी वीस पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या माळेत), म्हणजे 800 ते 1000 व्होल्ट. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या अमेरिकी संस्थेने 2011 मध्ये अग्निशामकांसाठी हे प्रत्यक्ष तपासलं. 1000 व्होल्टवर पाण्याची सरळ धार मारायची तर 20 फूट अंतर हवं, असं त्यात निघालं. 'बिनधास्त' कुठून आलं?

त्याहून भयंकर पुढचं : 'घाई असेल तर पॅनेलचे कनेक्टर ओढून काढा.' अरे, नका रे काढू! 50 हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही. लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, कनेक्टर ओढला की आर्क (हवेतून पेटलेली ठिणगी) ताणला जातो आणि जळत राहतो, तोही तुमच्या हातात. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडून येणारी लाइन तोडणारा स्विच), मग क्लॅम्प मीटरने (केबलभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या मीटरने) करंट शून्य असल्याची खात्री, आणि मगच कनेक्टर. तेव्हाही पॅनेलच्या बाजूला व्होल्टेज असतंच.

'रात्री धोका नाही' हेही चूक. त्याच तपासणीत अग्निशमन गाडीच्या फ्लडलाइटखालीही पॅनेलनी धोकादायक करंट दिला होता.

'ऊन तापेल तेवढी वीज जास्त.' प्रकाशाने वाढते, उष्णतेने घटते. सिलिकॉन पॅनेल 25 अंशांच्या वर दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के गमावतं.

प्रत्येक पॅनेलला रॅपिड शटडाऊनचं, म्हणजे मेन पाडताच पॅनेल जागेवरच तोडणारं, उपकरण असेल, तर छतावरचं व्होल्टेज खरंच खाली येतं. तेवढ्यापुरता मेसेज बरोबर, मान्य. पण तुमच्या प्लांटला ते आहे का, हे ड्रॉइंग बघितल्याशिवाय कसं कळणार?

भावाला विचारलं, डीसी आयसोलेटर कुठे आहे? त्याला माहीत नव्हतं. उद्या पहिल्या शिफ्टला जागा शोधून ग्रुपवर फोटो टाकतो म्हणालाय. तुम्हीही टाका, आणि तो मेसेज आधी डिलीट करा.