काळी नावपट्टी आणि खचण्याचे दिवस

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी, नावाआधी 'एल्डर' आणि वय जेमतेम अठरा-एकोणीस. अमेरिकेतल्या मराठी घरांना मॉर्मन पंथाच्या मिशनऱ्यांची, म्हणजे धर्मप्रचारकांची, ही जोडी ओळखीची असते. बेल वाजते, आपण अर्धं दार उघडून "नको, थँक्यू" म्हणतो, ते हसून पुढच्या घराकडे वळतात. आपल्यापुरता विषय संपला. त्यांचा दिवस मात्र अजून पाच-सहा तास उरलेला असतो आणि पुढची दारंही बहुतेक अशीच बंद होणार असतात.

इतके नकार पचवून ही पोरं दोन वर्षं टिकतात कशी, असं कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: श्रद्धा. उत्तर चुकीचं नाही. पण ही श्रद्धा हवेत उभी राहत नाही. झोप, जेवण, जोडीदार आणि घरून येणारी पत्रं या चार खुंट्यांवर ती टांगलेली असते, आणि यातली एक खुंटी निसटली की प्रार्थना कितीही केली तरी पोरगं खाली येतं. मिशनवर, म्हणजे या प्रचाराच्या कामावर, जाणाऱ्या मुलांना धीर देणारी भाषणं भरपूर होतात. खुंट्या कशा ठोकायच्या हे मात्र त्या मानाने कमी सांगितलं जातं.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेला हा पंथ, मुख्यालय युटामधलं सॉल्ट लेक सिटी. लोक 'मॉर्मन' म्हणतात. २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ते टोपणनाव सोडा, 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असं पूर्ण नाव घ्या, असं सांगितलं. जीभ वळेपर्यंत समोरचा निघून जातो हा भाग वेगळा. मुलगे २४ महिने जातात, मुली १८ महिने. २०१२ मध्ये किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केलं, तेव्हा एकदम लोंढा वाढला. २०२४ अखेर जगभर ७४ हजारांच्या वर मिशनरी होते. पगार नाही, खर्च स्वतःचा, घरच्यांचा नाहीतर आपल्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांचा. आणि जागा आपण निवडायची नाही. अर्ज, डॉक्टरांचा आणि दाताच्या डॉक्टरांचा फॉर्म, बिशप (मंडळीचा प्रमुख) आणि स्टेक प्रेसिडेंट (अशा अनेक मंडळ्यांचा प्रमुख) यांची मुलाखत एवढं झालं की वरून बोलावणं येतं. पेरू आलं तर पेरू, शेजारचं राज्य आलं तर शेजारचं राज्य.

प्रशिक्षण केंद्रात दिवस भराभर जातात. सगळ्यात मोठं केंद्र युटातल्या प्रोव्होत आहे. भाषा शिकायची नसेल तर काही आठवडे, शिकायची असेल तर दोन महिन्यांपर्यंत. तिथे सगळेच नवखे, सगळेच उत्साही, जेवण वाढलेलं, प्रत्येक तास ठरलेला. खरा खड्डा नंतर लागतो. वर्गात शिकलेली स्पॅनिश आणि बाजारातली बाई बोलते ती स्पॅनिश यांचा एकमेकींशी संबंध नाही हे पहिल्याच दिवशी कळतं. अंगात जेट लॅग, पोट बिघडलेलं, बाजूला अनोळखी जोडीदार, आणि आयुष्यात पहिल्यांदा दिवसभर लोक तोंडावर नाही म्हणतायत. नव्या मिशनऱ्याला पहिले बारा आठवडे अनुभवी 'ट्रेनर' देतात ते याचसाठी. दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, त्यालाच 'ट्रान्सफर' म्हणतात. म्हणजे दोन ट्रान्सफर सांभाळून घ्यायचे. नवख्याला मी एकच सांगेन: या बारा आठवड्यांत "मी इथे का आलो" या प्रश्नाचा निकाल लावायला बसू नका. तापात माणसाने घर विकायचा निर्णय घेऊ नये, तसंच हे.

आता या पंथातल्या एका प्रसिद्ध पत्राविषयी. गॉर्डन हिंक्ली १९३३ मध्ये मिशनवर इंग्लंडमधल्या प्रेस्टनला गेले. लँकेशरचा उन्हाळा, गवताच्या परागांनी नाक-डोळे गळतायत, ऐकायला कोणी तयार नाही. त्यांनी वडिलांना लिहिलं की मी माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया घालवतोय. वडिलांचं उत्तर छोटं होतं: स्वतःला विसर आणि कामाला लाग. हिंक्ली टिकले आणि १९९५ मध्ये पंथाचे अध्यक्ष झाले. तेव्हापासून कोणी खचलं की हे वाक्य काढलं जातं.

माझं मत स्पष्ट आहे. हे औषध चांगलं आहे, पण एकाच दुखण्यावर. स्वतःभोवती फिरणाऱ्या मनाला ते लागू पडतं. माझा उच्चार वाईट, मला कोणी विचारत नाही, मित्र कॉलेजात मजा करतायत, अशा मनाला दुसऱ्याची बाग खणायला लावली, कोणाचं सामान चौथ्या मजल्यावर चढवायला लावलं, की दुपारपर्यंत धुकं विरतं. पण जो मुलगा तीन आठवडे पहाटे तीनला जागा होतोय, ज्याला जेवण जात नाही, जो प्रार्थनेला बसला की आपण पापी आहोत म्हणून देव बोलत नाही असं ठरवून रडतो, त्याला "स्वतःला विसर" म्हणणं म्हणजे मोडक्या पायाला पळायला लावणं. तो आधीच स्वतःला विसरलाय, तीच तर अडचण आहे.

फरक ओळखायचा कसा? नाउमेद झालेल्या पोराला चांगला दिवस मिळाला की ते हसतं. आजारी पोराला चांगला दिवसही लागू पडत नाही. पंथानेच मिशनऱ्यांसाठी ताणाविषयी एक पुस्तिका काढली आहे, तिच्यात ताणाचे चार रंग केलेत: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळ्यात स्वतः उपाय करायचे, नारिंगीच्या पुढे दुसऱ्याची मदत घ्यायची. गोम अशी की एकोणीस वर्षांचा मुलगा नारिंगीत असताना जोडीदाराला पिवळा सांगतो आणि आईला हिरवा. म्हणून रंग त्याला विचारू नका. झोप किती तास झाली, काल रात्री काय खाल्लं, शेवटचा व्यायाम कधी केला, हे विचारा. आकडे खोटं कमी बोलतात. आणि घरी असताना चिंतेवर किंवा नैराश्यावर गोळ्या सुरू असतील तर "आता मी देवाच्या कामावर आहे" म्हणून त्या बंद करायच्या नाहीत. हे अगदी भाविक घरांत घडतं आणि दोन-तीन महिन्यांत अंगाशी येतं. फॉर्ममध्ये लपवायचंही नाही. मिशन प्रेसिडेंटला, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांच्या प्रमुखाला, माहीत असेल तर तो त्या मुलाला डॉक्टरच्या आवाक्यात ठेवेल, माहीत नसेल तर बसने नऊ तासांवरच्या गावात पाठवेल.

वेळापत्रक हा या सगळ्यातला सर्वांत कमी लेखलेला उपाय. जुनी चौकट ठरलेली होती: साडेसहाला उठणं, अर्धा तास व्यायाम, आठला स्वतःचा अभ्यास, मग जोडीदाराबरोबर, दहाला बाहेर, रात्री नऊला घरी, शिकवणं चालू असेल तर साडेनऊ, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून त्यात ढील दिली, स्थानिक सोयीने वेळा सरकवता येतात. बऱ्याच जोड्या ढील मिळाली की पहिला हात व्यायामाला लावतात. चूक. दिवसभराच्या नकारांचा निचरा व्हायला शरीराखेरीज दुसरी मोरी नाही. छाटायचंच असेल तर रात्रीच्या गप्पा छाटा.

अभ्यासाचंही तसंच. दिवसाला पंधरा पानं उरकली म्हणजे श्रद्धा वाढली असं होत नाही, पुढच्या दारावर कोणी विचारलं तर त्यातलं एक वाक्य आठवत नाही. सकाळी एक खरा प्रश्न घेऊन बसायचं, शक्यतो काल कोणीतरी विचारलेला आणि आपल्याला न आलेला. त्याच प्रश्नासाठी वाचायचं, आणि सापडलं तेवढं वहीत तीन ओळींत उतरवायचं. बुक ऑफ मॉर्मन या पंथाच्या धर्मग्रंथात, अल्मा नावाच्या भागाच्या बत्तिसाव्या अध्यायात श्रद्धेला बी म्हटलंय. तिथे पूर्ण खात्री मागितलेली नाही. पेरून बघ, फुगतंय का बघ, एवढंच मागणं आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही: बी रुजलं का म्हणून रोज उकरून पाहिलं तर ते मरतं. अठरा वर्षांची मुलं नेमकं हेच करतात. रोज रात्री अंथरुणात पडून "मला खरंच पटलंय का?" म्हणून उकरत बसतात. त्याच अल्माच्या सव्विसाव्या अध्यायात चौदा वर्षं परक्या मुलखात काढलेले प्रचारक कबूल करतात की आमची मनं खचली होती, परत फिरायच्या बेतात होतो. हा भाग मुलांना आधी वाचायला द्यावा, विजयाचा नंतर.

जोडीदार हा मोठा विषय. चोवीस तास एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं, निवड आपली नाही. लग्नातसुद्धा माणूस ऑफिसला जातो हो! इथे ती सोय नाही. आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी दोघांनी बसून मनातलं बोलायचं अशी पद्धत आहे, 'कंपॅनियन इन्व्हेंटरी'. बहुतेक ठिकाणी ती दोनपैकी एका प्रकारे वाया जाते: "सगळं ठीक आहे ना?" "हो, ठीक." किंवा मग आठवडाभर साठवलेल्या तक्रारींचा बांध फुटतो. जमवायचं असेल तर पोटभर खाऊन बसा, आधी समोरच्याने केलेली एक नेमकी चांगली गोष्ट सांगा, मग एकच तक्रार, तीही वागण्याची, स्वभावाची नाही. "तू आळशी आहेस" यावर करण्यासारखं काही नसतं. "मंगळवारी आणि बुधवारी आपण साडेदहाला निघालो" यावर असतं. तरीही भागत नसेल तर डिस्ट्रिक्ट लीडरबरोबर, म्हणजे आसपासच्या जोड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मिशनऱ्याबरोबर, दिवसभराची अदलाबदल मागून घ्या. मागण्यात कमीपणा नाही.

आकड्यांवर माझा राग आहे, तो लपवत नाही. दर आठवड्याला वर कळवायचं असतं: किती जण चर्चला आले, कितींची बाप्तिस्म्याची तारीख ठरली. मार्गदर्शिकेत स्वच्छ लिहिलंय की यश मुख्यतः तुमच्या निष्ठेवर मोजायचं, लोक स्वीकारतात की नाही यावर नाही. पण वहीत रकाना निकालाचा असेल तर मन निकालच मोजतं. उपाय साधा आहे: स्वतःच्या डायरीत दुसरे रकाने आखा. किती जणांशी आपणहून बोललो, कितींना मदत केली, ठरलेल्या वेळी निघालो का. हे आपल्या हातात असतं.

निकालच मोजायचा तर ह्यू फिंडलेचं काय करायचं? हा स्कॉटिश मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यात लष्कर भागात प्रचाराला लागला. पाद्री विरोधात, लष्करी अधिकारी विरोधात, छावणीत प्रचाराला मनाई. गडी मराठी शिकायला बसला, मराठ्यांना उद्देशून पुस्तिका लिहिली. पुण्यात शाखा उभी राहिली ती लहानशीच, आणि काही वर्षांत सगळ्या हिंदुस्थानातलं मिशन गुंडाळलं गेलं. रकान्यात जवळपास शून्य. त्याने रोजनिशी ठेवली म्हणून आज आपल्याला त्याचं नाव तरी ठाऊक आहे.

आता घरच्यांसाठी. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन फक्त नाताळला आणि मदर्स डेला असायचा, एरवी पत्रं नाहीतर ईमेल. आता आठवड्याच्या मोकळ्या दिवशी, म्हणजे 'पी-डे'ला, बहुधा सोमवारी, फोन किंवा व्हिडिओ कॉल चालतो. बदल चांगलाच झाला, पण त्याच दिवशी कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घर झाडणं सगळं उरकायचं असतं आणि संध्याकाळी सहाला पुन्हा काम सुरू. दोन तासांच्या रडारडीच्या कॉलनंतर पोरगं कामाला निघतं ते रिकामं होऊन. अर्धा-पाऊण तास पुरे. आणि "तुझ्याशिवाय घर खायला उठतं" हे वाक्य प्रेमाचं असलं तरी पाठवू नका. घरी निघायची ओढ लागलेल्याला तिकडे 'ट्रंकी' म्हणतात, मनाने ट्रंक भरून बसलेला. ती ट्रंक बऱ्याचदा आईच भरून देते. त्यापेक्षा कुत्र्याने काय उपद्व्याप केला, गळका नळ कसा दुरुस्त झाला, असलं लिहा. आणि आठवड्याच्या मध्ये चार ओळींचा ईमेल टाका, कारण सोमवारचं बळ गुरुवारपर्यंत संपतं.

मुदतीआधी परत आलेल्या मुलाबद्दल तर घरच्यांनीच तोंड सांभाळायला हवं. चर्चमध्ये "का आलास?" हा प्रश्न त्याला रांगेने विचारला जातो. घरी राहून करायचं सेवा-मिशनही आहे, फूड बँकेत वगैरे काम करायचं, आणि ते कमी दर्जाचं नाही. पायाला प्लास्टर घालून आला असता तर कोणी विचारलं नसतं.

राहता राहिलो आपण, दाराच्या आतले. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, तसंच काहीसं या पोरांचं असतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मंडळीतली घरं रात्रीच्या जेवणाचे दिवस वाटून घेतात, आणि ज्या दिवशी कोणाचं नाव नसतं त्या दिवशी नूडल्स. धर्म बदलायचा नसेल तर पहिल्याच वाक्यात सांगा, त्यांना राग येत नाही. उलट "पुढच्या आठवड्यात या" म्हणून टोलवलेलं त्यांना जास्त लागतं, कारण ते खरंच येतात. चहा-कॉफी विचारू नका. त्यांना ती वर्ज्य आहे आणि नाही म्हणताना बिचारे ओशाळतात. लिंबू सरबत किंवा ताक चालतं, पोहे तर नक्की. महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र बहुधा उपास असतो, तेव्हा आग्रह नको. आणि साडेआठ वाजून गेले असतील तर गप्पा आवरत्या घ्या, नऊला त्यांना घरी पोचायचं असतं आणि सायकलला कधीकधी दिवा नसतो.