उत्तरमेरूरचे शिलालेख आणि चोळकालीन ‘मतदान’

“हजार वर्षांपूर्वी चोळांच्या राज्यात गावोगाव निवडणुका होत, प्रत्येकाला मताचा अधिकार असे आणि राजा त्यात लक्ष घालत नसे,” हा मजकूर निवडणुका आल्या की हमखास फिरतो. पुरावा म्हणून कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तरमेरूरच्या वैकुंठ पेरुमाळ मंदिराचे नाव दिलेले असते. पहिल्या परांतक चोळाच्या काळातील, इ.स. ९१९ आणि ९२१ चे, तेथील दोन शिलालेख अस्सल आहेत. पण त्या मजकुरातील दावे याच लेखांपुढे टिकत नाहीत.

गावच्या समित्यांवर माणसे कशी निवडावीत याचे लेखांत वर्णन आहे, पण ते मतदानाचे नव्हे, सोडतीचे. गावाचे ३० विभाग होते. प्रत्येक विभागातील पात्र माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून, विभागवार जुड्या बांधून त्या घागरीत टाकत. एक वृद्ध पुजारी ती घागर सर्वांना दिसेल अशी उचलून धरी, आत काय आहे हे न कळणारा लहान मुलगा एक जुडी काढी, ती दुसऱ्या घागरीत सोडून हलवल्यावर एकच चिठ्ठी निघे आणि मध्यस्थ ती पाचही बोटे पसरलेल्या तळहातावर घेऊन मोठ्याने वाची. हातचलाखी रोखण्याची ही तजवीज खरोखर वाखाणण्याजोगी आहे, पण यात कोणी कोणाला मत दिले नाही.

‘प्रत्येकाला’ हा शब्द तर सपशेल चुकीचा आहे. ९२१ च्या लेखानुसार वय ३५ ते ७० हवे, पाव ‘वेली’हून (वेली हे जमिनीचे तेव्हाचे माप) अधिक करपात्र जमीन हवी, स्वतःच्या जागेत घर हवे आणि वेदाध्ययन हवे. एक वेद व एक भाष्य जाणणाऱ्याला मात्र जमिनीत सवलत होती. गाव ब्राह्मणांना दान दिलेले होते आणि गावचा कारभार पाहणारी ‘सभा’ त्यांचीच होती. कुळे, मजूर आणि स्त्रिया यांची नावे घागरीपर्यंत पोहोचत नव्हती.

‘गावोगाव’ म्हणायलाही आधार नाही, कारण इतर शेतकरी गावांत ‘ऊर’ आणि व्यापारी पेठांत ‘नगरम्’ अशा वेगळ्या संस्था होत्या. राजाच्या अलिप्ततेविषयी एवढेच पुरे की दोन्ही लेखांतील सभेचे ठराव राजाज्ञेनुसार, राजाच्या अधिकाऱ्याच्या उपस्थितीत झाल्याची नोंद लेखांतच आहे.

फिरत्या मजकुरात बहुधा नसतो तो नियम मात्र आजही झोंबेल असा आहे: समितीवर राहून हिशेब न देणारा तर अपात्र ठरेच, शिवाय त्याचे आतेभाऊ, मावसभाऊ, सासरा, मेहुणा आणि जावईसुद्धा बाद होत.